धाकटीचं पत्र

पत्र पोचल्याचं कळलं तेव्हा ब्रिटा ओस्टबी एका माणसाच्या गुडघ्याबद्दल लिहीत होती. माणूस शिडीवरून पडला होता आणि शिडी शेजाऱ्याची होती हे पुन्हा पुन्हा सांगत होता, जणू स्वतःच्या शिडीवरून पडला असता तर गुडघा जरा कमी सुजला असता. डॉक्टर मर्काडो गुडघा दाबत तोंडानं बोलत होते आणि त्यांच्या मागे लॅपटॉपची गाडी घेऊन उभी असलेली ब्रिटा ते टिपून घेत होती. मिनिआपोलिसच्या त्या इस्पितळात, तातडीच्या विभागात, तिचं कामच ते होतं: डॉक्टरांनी पाहायचं आणि हिनं लिहायचं. पाहणाऱ्याला डॉक्टर म्हणतात आणि लिहिणारीला, डॉक्टर व्हायची वाट पाहत असली तर, लेखनिक. खिशातला फोन एकदाच थरथरला. पेशंटसमोर फोन पाहायचा नाही असा नियम होता, आणि नियम पाळण्यात ब्रिटाचा हात धरणारं कुणी नव्हतं. तरी तिनं तो पाहिला. 'आपल्यासाठी एक शिफारसपत्र दाखल झाले आहे. प्रेषक: ओ. नाइस्ट्रॉम, एम. डी.' गुडघ्याच्या जागी तिच्या हातून कोपर लिहिलं गेलं.

"काय झालं, रॉकस्टार?" मर्काडोंनी मागे न वळता विचारलं.

"काही नाही."

"हीच ती," ते शिडीवाल्याला म्हणाले, "आमच्या विभागातली सगळ्यात हुशार मुलगी. पुढच्या वर्षी डॉक्टर होणार. तुमचं नशीब, की हिनं तुमचा गुडघा लिहिला."

शिडीवाल्यानं कौतुकानं तिच्याकडे पाहिलं. ती कोपर खोडत होती.

मर्काडो कॅलिफोर्नियाचे. तिकडे ऊन फार, त्यामुळे माणसं सढळ होत असावीत. ते सगळ्यांनाच रॉकस्टार म्हणत. नर्सला म्हणत, सफाईवाल्याला म्हणत, आणि एकदा बंद पडलेलं कॉफीचं यंत्र थोपटल्यावर सुरू झालं तेव्हा त्यालाही म्हणाले होते. ब्रिटाला त्यांच्याकडून कौतुक ऐकताना दर वेळी आधी ऊब यायची आणि लगेच ते यंत्र आठवायचं. तिच्या उत्तरेकडच्या गावात असं काही कुणी कुणाला बोलत नसे. लिटल हेरॉन हे तळ्याकाठचं गाव, आणि तिथे कौतुक हे सर्दीसारखं होतं. झालंच तर रुमालात शिंकायचं आणि रुमाल घडी करून ठेवायचा. चर्चच्या तळघरात कुणाचा केक अप्रतिम झाला तर बायका म्हणत, "खाल्ला बाई," आणि करणारी म्हणे, "जरा करपलाच." डॉक नाइस्ट्रॉम त्याच गावचे डॉक्टर, गावापेक्षाही एक अंश थंड. त्यांच्या तोंडून चांगला शब्द म्हणजे उंबराचं फूल. हिमवादळात ट्रकच्या मागच्या सीटवर त्यांनी एका बाईची जुळी सोडवली, दोन्ही पोरं रडली, बाई हसली, नवरा बेशुद्ध पडला, आणि डॉक हात पुसत म्हणाले, "वाईट नाही." गावात हे वाक्य अजून सांगतात. नवऱ्याबद्दल नव्हतं, एवढाच खुलासा करतात.

आणि आता या माणसानं तिच्याबद्दल एक अख्खं पान लिहिलं होतं, आणि ते तिला वाचता येणार नव्हतं. वैद्यकीय कॉलेजांच्या अर्जात एक चौकट असते: माझ्याबद्दलची पत्रं पाहण्याचा हक्क मी सोडते. सोडलाच पाहिजे असं कुणी म्हणत नाही. फक्त सोडला नाही तर पत्रावर कुणी विश्वास ठेवत नाही. ब्रिटानं खूण केली तेव्हा तिला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. आपल्याबद्दल लोक काय म्हणतात ते न विचारणं हाच तर तिच्या घरचा धर्म होता. आता शिफ्ट संपवून ती बसथांब्याच्या बाकावर बसली होती, ऊन अजून रस्त्यावर होतं, आणि फोनच्या पडद्यावर चार नावं एकाखाली एक होती. नावांच्या आत काय आहे ते जगात चार माणसांना ठाऊक होतं. उत्तरेकडच्या ज्या कॉलेजात तिला जायचं होतं, जे लहान गावांसाठीच डॉक्टर घडवतं, ते तीनच पत्रं घेत होतं. चौथं गाळायचं. न वाचता.

तसं पाहिलं तर चार नाहीत, तीन माणसांना. चारांतलं एक तिला तोंडपाठ होतं, कारण ते तिनंच लिहिलं होतं. प्रयोगशाळेच्या प्रमुख पाव्हला रेझनिक, जिथे ब्रिटानं दोन वर्षं उंदरांच्या यकृताचे काप केले, त्या म्हणाल्या होत्या, "मला कुठे वेळ आहे ग? तूच लिही, छान लिही, मी सही करते." सगळेच असं करतात म्हणे. ब्रिटा एक अख्खा रविवार त्या कोऱ्या पानासमोर बसली. 'ब्रिटा ओस्टबी ही' एवढं लिहून झालं आणि पुढे तिचा हात चालेना. ही काय? स्वतःला 'असामान्य' म्हणायला गेली तर कानाच्या पाळ्या तापल्या, जणू मागच्या खोलीतून आई ऐकते आहे. शेवटी तिनं लिहिलं की ब्रिटा वेळेवर येते. उपकरणं धुऊन ठेवते. सहकाऱ्यांना तिचा त्रास होत नाही. वाचून पाहिलं तर भाडेकरूची शिफारस वाटत होती. तिनं धाडस करून 'कधीकधी स्वतःहून विचारही करते' असं एक वाक्य घातलं, मग 'कधीकधी' गाळलं, मग पुन्हा घातलं. रेझनिकबाईंनी न वाचता सही केली. त्यामुळे सगळ्यात मोठ्या शास्त्रज्ञ बाईंची सगळ्यात मोठ्या लेटरहेडवरची शिफारस ही होती, की ही मुलगी भांडी घासते.

हे गाळायचं म्हणावं तर तेही नाही. विज्ञानाच्या दोन शिक्षकांची पत्रं हवीतच, असा नियम होता. एक रेझनिकबाईंचं, आणि दुसरं रसायनाच्या प्राध्यापक ड्युफ्रेन यांचं, ज्यांच्या वर्गात थिएटरसारख्या खुर्च्या होत्या आणि ज्यांनी तिला कळवलं होतं की आपला एक फोटो पाठवा, म्हणजे आपण कोण ते आठवता येईल. तिनं फोटो पाठवला. त्यांनी कळवलं, आठवलं नाही, पण गुण चांगले आहेत. तर ही दोन ठरलेली. उरली एक जागा, आणि तिच्यासाठी दोन माणसं: मर्काडो, ज्यांचं पत्र गेल्या वर्षीही गेलं होतं, आणि गेल्या वर्षी कॉलेजानं तिला आधी प्रतीक्षायादीत ठेवून मग वसंतात, बर्फ वितळताना, नकार कळवला होता; आणि दुसरे डॉक. यादी शुक्रवारी बंद व्हायची होती. एकदा पत्र एखाद्या कॉलेजाला जोडलं, की ते काढता येत नाही. आणि हे दुसरं वर्ष होतं. तिसऱ्यांदा अर्ज करणाऱ्यांकडे कॉलेजं कशी बघतात ते तिनं ऐकलं होतं. लग्नात तिसऱ्यांदा ताट घेऊन आलेल्याकडे बघावं तसं.

बस आली, गेली. आभाराचा फोन करणं भाग होतं. पत्र आलं आणि आभार मानले नाहीत, असं लिटल हेरॉनमध्ये फक्त मेलेल्यांना माफ असतं.

फोन डॉकनीच उचलला. "हं."

"डॉक, मी बोलतेय. ब्रिटा. पत्र पोचलं. आभारी आहे."

पलीकडून त्यांच्या स्वयंपाकघरातलं ते भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं, प्रत्येक तासाला निराळा पक्षी ओरडणारं. "सिग्रिड," डॉक म्हणाले. "लिहिलं ग. सगळं लिहिलं. बोटीचं पण लिहिलं."

ब्रिटानं तोंड उघडलं. आणि तोंडातून जे आलं ते ऐकून ती स्वतःच बाकावर ताठ बसली. ती म्हणाली, "हो, डॉक."

सिग्रिड तिची थोरली बहीण. डॉकच्या दवाखान्यात उन्हाळ्यात मदतनीस म्हणून आधी सिग्रिड लागली होती, दोन उन्हाळे, आणि ती शहरात शिकायला गेल्यावर तिच्या जागी ब्रिटा. मदतनीसाला एक निळा एप्रन लागे. सिग्रिडचा एप्रन होताच. छातीवर आईनं पांढऱ्या दोऱ्यानं 'सिग्रिड' असं भरतकाम केलेलं, शेवटच्या अक्षराची शेपटी सुरेख वळवलेली. ब्रिटा म्हणाली, नाव उसवू या का? आई म्हणाली, चांगलं कापड आहे, उसवलं तर भोकं दिसतील. त्या घरात कोट, बूट, सायकल, बायबल, सगळं थोरलीकडून धाकटीकडे येई, मग नावच तेवढं नवीन कशाला. पहिल्या दिवशी डॉकनी चष्म्यावरून एप्रनकडे पाहिलं आणि म्हणाले, "सिग्रिड, पट्टी दे." ब्रिटानं पट्टी दिली. वडीलधाऱ्या माणसाला पहिल्याच दिवशी चूक दाखवायची म्हणजे आगाऊपणा. दुसऱ्या दिवशी सांगावं म्हटलं, तर काल का नाही सांगितलंस असं झालं असतं. आठवडा उलटल्यावर तर प्रश्नच मिटला. आता सांगणं म्हणजे आठवडाभर त्यांना मूर्ख ठरवण्यासारखं होतं. भीड भिकेची बहीण म्हणतात. लिटल हेरॉनमध्ये ती सगळ्यांच्याच घरची थोरली बहीण होती. तर दोन उन्हाळे ब्रिटा सिग्रिड झाली. पेशंटही तिला सिग्रिड म्हणत, ज्यांना ठाऊक होतं तेही म्हणत, कारण डॉक म्हणतात तर उगाच कशाला. एव्हलिन, डॉकची बायको, तेवढी दुपारी कॉफी देताना हळूच म्हणायची, "ब्रिटा, साखर?" त्या एका कपापुरती ब्रिटा परत यायची, बसायची, आणि कप विसळून पुन्हा सिग्रिड व्हायची. आणि खरं सांगायचं तर, बाकावर बसून तिला आता हे आठवत होतं, ते वाईट नव्हतं. सिग्रिडच्या नावानं ती जखमेकडे न कचरता बघू शकायची. ब्रिटाला रक्त पाहिलं की घसा कोरडा पडे. सिग्रिडला पडत नसे. आपण डॉक्टर व्हावं हे पहिल्यांदा मनात आलं ते नेमकं कुणाच्या, हा प्रश्न तिनं कधी स्वतःला विचारला नव्हता. एप्रन उतरवून खुंटीला अडकवला की इच्छाही तिथेच राहते की अंगाबरोबर घरी येते?

"सिग्रिड?" डॉक म्हणाले. "आहेस ना?"

"आहे, डॉक."

"एव्हलिनला देतो."

एव्हलिनचा आवाज पातळ झाला होता. "ब्रिटा ना? हो ग बाई, मला कळलं तू आहेस. तीन आठवडे बसला होता एका बोटानं टाइप करत. जेवायला हाक मारली तर म्हणे, सिग्रिडचं चाललंय. मी म्हटलं, ब्रिटाचं. म्हणे, मला माहीत आहे." तिनं आवाज खाली आणला. "हिवाळ्यापासून जरा विसरायला लागलाय. फार नाही. परवा गॅरेजमध्ये जाऊन उभा राहिला, कशाला आलो ते आठवेपर्यंत. पण अशी मी पण राहते."

"पत्र," ब्रिटा म्हणाली, आणि पुढचं वाक्य तिला जुळवता येईना. पत्रात कुणाचं नाव आहे, एवढंच विचारायचं होतं. त्या वाक्याला सभ्य असं टोकच सापडेना.

"पत्र लायब्ररीत नेऊन चढवलं ग मी. तिथली पोर म्हणाली स्कॅनरवर पालथं ठेवायचं, म्हणजे बरंच झालं, कुणाची नजर पडली नाही. मी पण नाही वाचलं. दुसऱ्याचं पत्र."

"नाही, नाही. बरोबर आहे."

"आईला सांग, रुबार्बचं लोणचं पोचलं."

"सांगते."

ती बाकावरून उठली नाही. समोरच्या दुकानाच्या काचेत एक बाई निळा टॉवेल घडी करत होती, आणि ब्रिटाच्या नाकात एकदम तळ्याच्या धक्क्यावरचा वास आला, पेट्रोल आणि शेवाळाचा. बोटीचं. बोटीच्या पंख्यानं एका माणसाची मांडी फाटली होती, त्याला धक्क्यावर ओढून घेतलं होतं, आणि डॉक गुडघ्यावर बसून म्हणाले होते, सिग्रिड, दाब. दाबायला काही नव्हतं म्हणून तिनं एप्रन सोडून तोच दाबला. माणूस पांढराफटक पडून तिच्या छातीकडे, जिथे नाव असायला हवं तिथे पाहत राहिला, आणि म्हणाला, पोरी, तुझं नाव काय? हे तिला स्पष्ट आठवत होतं. आपण काय उत्तर दिलं हे आठवत नव्हतं. आईनं नंतर तो एप्रन थंड पाण्यात भिजवून, मीठ चोळून, पुन्हा पांढऱ्या दोऱ्यासकट निळा केला. चांगलं कापड होतं. तर बोटीचं हे तिचंच होतं. पत्रात सिग्रिड असं नाव आणि हकीकत ब्रिटाची, असं असू शकेल. मग कॉलेजातली समिती काय म्हणेल? कुणा भलतीचं पत्र भलतीच्या अर्जाला लागलंय असं म्हणून बाजूला ठेवेल. किंवा नाव ब्रिटा असं असेल, एव्हलिननं सांगितलं म्हणून, आणि हकीकत सिग्रिडची. मग ती दुसऱ्याच्या गुणांवर डॉक्टर होईल. किंवा दोघींचं मिळून एक, चार उन्हाळ्यांची एकच दणकट मुलगी, जी अस्तित्वात नाही आणि जिला कुठलंही कॉलेज डोळे मिटून घेईल. किंवा, आणि हे तिला सगळ्यात खरं वाटत होतं, त्या पानावर एकच ओळ असेल. वाईट नाही. आणि खाली सही. बॉस्टनहून आलेला एखादा समितीवाला ती ओळ वाचेल आणि हळहळून पान उलटेल. त्याला कुणी सांगायचं, की अख्ख्या तालुक्यात हे प्रमाणपत्र फक्त जुळ्यांना मिळालंय?

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. तिनं सिग्रिडला फोन लावला. सिग्रिडनं शहरातलं शिक्षण पहिल्याच वर्षी सोडलं होतं, का ते कुणी तिला विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही, आणि आता ती तळ्याकाठी गळाला लावायच्या आमिषांचं दुकान चालवत होती: जिवंत छोटे मासे, जळवा, गांडुळं. मागे टाकीतल्या पाण्याचा बुडबुडा चालू होता.

"तर मग पाठव की," सगळं ऐकून सिग्रिड म्हणाली. "माझ्याबद्दल चांगलंच लिहिलं असेल."

"चेष्टा नको ग."

"चेष्टा कुठाय? मला घेतलं तर मी जाते. दुकान तू सांभाळ. जळवांना रोज पाणी बदलावं लागतं, तेवढं लक्षात ठेव."

"बोटीचं लिहिलंय म्हणाले."

"हो, ते माझंच," सिग्रिड सहज म्हणाली. "तो जाडा माणूस, अंगठा अडकला होता ज्याचा. ओरडत होता डुकरासारखा. डॉक म्हणाले, सिग्रिड, त्याच्याशी बोल. काय बोलणार? मी त्याला माशांचे भाव सांगितले."

हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. त्या तळ्यावर दर उन्हाळ्यात एखादी बोट कुणाला तरी लागायचीच.

"माझी मांडी होती," ती शेवटी म्हणाली.

"तुझी?"

"त्या माणसाची. माझ्या वेळच्या."

"अच्छा," सिग्रिड म्हणाली. मग तिच्या आवाजात काहीतरी हललं. "ब्रिट, मी डॉककडे जाऊन विचारू का? सरळ विचारते, काय लिहिलंत म्हणून. गिऱ्हाईक संपलं की जाते."

"नको!"

"का?"

"त्यांना वाटेल मी विश्वास ठेवला नाही."

"मग दुसऱ्याचं पाठव. त्या कॅलिफोर्नियावाल्याचं. तो निदान तुला ब्रिटा म्हणतो ना?"

"रॉकस्टार म्हणतो."

"देवा," सिग्रिड म्हणाली. "बिचारी." आणि दोघी हसल्या, आणि हसू ओसरल्यावर सिग्रिड जरा घाईनं म्हणाली, "तुला एक सांगू? मला शहरात पहिल्या आठवड्यात एका पोरानं विचारलं, तुला डॉक्टर का व्हायचंय? मी म्हटलं, डॉक म्हणाले म्हणून. ते म्हणाले नव्हते, मी आपलं सांगितलं. मग मला वाटलं, म्हणाले असते तर बरं झालं असतं." पलीकडे दुकानाची घंटी वाजली. "गिऱ्हाईक आलं. ठेवते."

फोन ठेवल्यावर ब्रिटा ओट्यापाशी उभ्यानंच थंड नूडल्स खात राहिली. म्हणाले असते तर. ती पडद्यावरची चार नावं पाहत होती, आणि ती चार दारं आहेत असं तिला वाटू लागलं. दारांपलीकडे चार माणसं तिच्याबद्दल बोलताहेत, हलक्या आवाजात, आणि ती पॅसेजमध्ये ताट घेऊन उभी आहे. लहानपणी असंच चर्चच्या तळघराबाहेर ती एकदा उभी राहिली होती. आत आई कुणाला तरी म्हणत होती, "थोरली हुशार आहे. धाकटी..." आणि नेमकं तेव्हा कॉफीच्या मोठ्या भांड्याची शिटी सुरू झाली होती. धाकटी काय? शिटी संपली तोवर बायका पडद्यांच्या कापडावर आल्या होत्या. ते वाक्य कुठेतरी पूर्ण झालेलं आहे, आणि ते ठाऊक असलेली माणसं आता पांगली आहेत, मेली आहेत, विसरली आहेत. रोज ती वीस-वीस माणसांबद्दल लिहायची: हृदय, विशेष काही आढळलं नाही. फुप्फुसं, विशेष काही आढळलं नाही. तिच्या कामात त्याहून चांगली बातमी नव्हती. माणसं ते ऐकून रडत, बायकांना मिठी मारत, गाडीच्या किल्ल्या शोधू लागत. आणि हेच वाक्य तिच्याबद्दल कुणी लिहिलं, तर तिचा जन्म वाया.

शुक्रवारी दुपारी, दोन पेशंटांच्या मधल्या वेळात, ती रुग्णवाहिका येतात त्या बाजूच्या दाराबाहेर गेली. मर्काडो तिथेच उभे राहून केळं खात होते.

"अर्जाचं झालं?"

"आज करते."

"माझं पत्र लावलंस ना? मी त्यात तुला काय म्हटलंय सांगू?"

"नको," ब्रिटा घाबरून म्हणाली. "मी हक्क सोडलाय."

"तू पण ना!" ते हसले, आणि केळ्याचं साल टोपलीत टाकून, तिच्या खांद्यावर थोपटून आत गेले. चांगला माणूस. त्यांच्या डोळ्यांत तिच्याबद्दल खरोखरच काही होतं, तिला ते दिसलं, आणि त्यावर कसा विश्वास ठेवायचा ते तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. यंत्रही पुन्हा बंद पडलं होतं.

तिनं फोन काढला. विचार करायचा म्हणून तिनं कपाळाला आठ्याही घातल्या, पण विचार असा काही आलाच नाही. आलं ते एक बोट. वाकडं, सांध्याशी सुजलेलं, एका एका अक्षरावर उतरणारं, तीन आठवडे, जेवण थंड होत असताना. हे गाळायचं? डॉकना कधीच कळलं नसतं. एव्हलिनला कळलं नसतं. जगात कुणालाच कळलं नसतं, आणि तरीही ते बरं दिसलं नसतं. एवढ्या मोठ्या निर्णयाला एवढंच कारण होतं, हे तिला त्या क्षणीही ठाऊक होतं. आयुष्य पणाला लागलेलं असताना ती पाहुण्यासारखी वागत होती. वाढलेलं टाकू नये म्हणून खात होती. पडद्यानं विचारलं, नक्की ना? यानंतर बदल करता येणार नाही. तिनं अंगठा टेकवला. मर्काडोंचं नाव फिकट झालं. नाइस्ट्रॉम हे नाव वर सरकलं आणि त्याच्यापुढे एक लहानसं कुलूप उमटलं.

आणि त्या कुलपाकडे ती पाहत असतानाच तेच नाव पुन्हा पडद्यावर आलं, थरथरत. क्षणभर तिला काहीतरी बिघडलं असं वाटलं. मग कळलं, फोन येतोय.

"सिग्रिड," डॉक म्हणाले. आवाज आज स्वच्छ होता, सकाळच्या दवाखान्यातला. "कामात आहेस?"

हेच ते टोक होतं. मी ब्रिटा, डॉक. एवढंच. दोन उन्हाळे आणि पुढची सगळी वर्षं ओठांशी आली, आणि तिला एव्हलिनचं गॅरेज दिसलं, आणि त्यात कशाला आलो ते आठवत उभा असलेला उंच म्हातारा माणूस.

"नाही, डॉक. बोला."

"तुझं पत्र गेलं ना?"

"गेलं. आत्ताच."

"मग ठीक. तुझं काम झालं. आता एक मला सांग. एव्हलिन मागे लागलीय, तुझ्या धाकट्या बहिणीचं पण लिहायचंय म्हणे. ब्रिटाचं. ती हिवाळ्यात घरी पण येऊन गेली, कागद ठेवून गेली. मी नाही कसं म्हणणार." मागे घड्याळातला कुठला तरी पक्षी ओरडून गेला. "पण माझ्या हाताखाली ती कधी नव्हती ग. चर्चमध्ये पाहिलेली तेवढीच. उगाच खोटं कसं लिहू? तू थोरली. तुला माहीत असणार. पोरगी कशी आहे?"

लांबून रुग्णवाहिका येत होती. भोंगा अजून पुलापलीकडे होता. ब्रिटानं दुसरा कान तळहातानं दाबून धरला. डॉक वाट पाहत होते. नाडी मोजताना पाहत तशी, काही न बोलता, घाई न करता. तिला वाटलं, आता सांगावं; मांडी, एप्रन, मीठ, ते सगळं. तीच ती मुलगी होती, डॉक. तिनं दाबून धरलं होतं. घसा कोरडा पडला होता तरी. कानाच्या पाळ्या तापल्या. भोंगा पूल ओलांडून अलीकडे आला.

"वाईट नाही, डॉक," ती म्हणाली.

पलीकडून मग खुर्ची सरकवल्याचा आवाज आला, माणूस काही लिहायला बसताना सरकवतो तसा.

"असं?" डॉक म्हणाले. "एवढी चांगली आहे? मग बसून नीटच लिहायला हवं. घाई तर नाही ना तिला?"

"नाही," ब्रिटा म्हणाली. "घाई काही नाही."

रुग्णवाहिका दारात येऊन थांबली, आणि आतून कुणीतरी तिला, लेखनिकबाईंना, हाक मारली.